संघ हुकला? रागाने लिहिण्याआधी पात्रतेचा नियम असा वाचा

ई-स्पोर्ट्समध्ये, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांत, जागतिक स्पर्धेच्या संघांची यादी लागली की तासा-दोन तासांत तीन तक्रारी सगळीकडे दिसू लागतात. ‘आमच्या चौथ्या संघाने त्यांच्या पहिल्याला लोळवलं असतं.’ ‘संघात दोन कोरियन खेळाडू, मग हा संघ अमेरिकेचा कसा?’ ‘वर्षभर गुण कमावले आणि शेवटी आम्हीच बाहेर?’ तिन्हींमागची तळमळ खरी असते. पण या तक्रारी तीन वेगवेगळ्या नियमांबद्दल आहेत, आणि एका नियमावरचा राग दुसऱ्यावर निघाला की आयोजकाचं काम सोपं होतं. ‘तुम्ही म्हणता तसा नियमच नाही’ एवढं सांगून तो मोकळा होतो. म्हणून नेमकं कोणत्या नियमाने आपला संघ अडला, हे शोधायचं कसं, मोजायचं कसं आणि मग तक्रार मांडायची कशी, ते क्रमाने पाहू. उदाहरणं मुख्यतः लीग ऑफ लेजेंड्स, डोटा २, काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटची आहेत, कारण प्रादेशिक पात्रतेची जवळपास सगळी भांडणं या चार खेळांत होऊन गेली आहेत.

आधी नियम ओळखा

रूलबुक (स्पर्धेची नियमपुस्तिका) उघडण्यापूर्वी कागदावर पाच प्रश्न लिहा. कोणत्या रीजनला (स्पर्धेसाठी पाडलेल्या प्रदेशाला) जागा किती? खेळाडू कोणत्या रीजनचा धरला जातो आणि कशावरून? मिळालेली जागा संस्थेची की खेळाडूंची? त्या जागेपर्यंत जायच्या वाटा कोणत्या: थेट, गुणांवर, क्वालिफायरमधून (पात्रता फेरीतून), ओपन क्वालिफायरमधून (सगळ्यांना खुल्या पात्रता फेरीतून)? आणि रोस्टर (संघाच्या खेळाडूंची यादी) बंद होण्याची तारीख कोणती?

आपली तक्रार यांपैकी एकाच प्रश्नाखाली बसवायचा प्रयत्न करा. दोन प्रश्नांखाली बसत असेल तर तक्रारी दोन आहेत, त्या वेगवेगळ्या लिहा.

रूलबुक शोधताना तीन गोष्टी पाहा: ते कोणत्या हंगामाचं आहे, त्याची आवृत्ती कोणती, आणि शेवटचा बदल कधी झाला. बहुतेक लीगमध्ये हंगामाच्या मध्यात रूलबुकची नवी आवृत्ती जुन्याच पत्त्यावर चढवली जाते. त्यामुळे हंगाम सुरू होताच पीडीएफ उतरवून फाइलच्या नावात तारीख घालून ठेवा. ते राहून गेलं असेल तर वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर) जुनं पान मिळतं का बघा. लिक्विपीडिया आणि लीगपीडिया ही दोन्ही पानं वाटा समजून घ्यायला उत्तम आहेत, पण ती चाहत्यांनीच लिहिलेली असतात. तक्रारीत उद्धृत करायचं ते रूलबुकमधलंच कलम.

जागा किती: बेरीज स्वतः करा

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात, आणि आकडे न मांडता बोलणंही इथेच सगळ्यात जास्त चालतं.

लीग ऑफ लेजेंड्सच्या विश्वस्पर्धेचं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये २० संघ होते. कोरियाच्या एलसीकेला ४, चीनच्या एलपीएलला ४, युरोपच्या एलईसीला ३, उत्तर अमेरिकेच्या एलसीएसला ३, पॅसिफिकच्या पीसीएसला २, व्हिएतनामच्या व्हीसीएसला २, ब्राझीलच्या सीबीलोलला १ आणि लॅटिन अमेरिकेच्या एलएलएला १. पुढच्या वर्षी या खेळाची निर्माती कंपनी रायटने रचना बदलली. एलसीएस, सीबीलोल आणि एलएलए एकत्र करून एलटीए झाली, आणि आशिया-पॅसिफिकच्या लीगची एलसीपी. २०२५ ची बेरीज अशी झाली: एलसीके ४, एलपीएल ४, एलईसी ३, एलटीए ३, एलसीपी ३, एकूण १७.

आता दोन्ही वर्षं शेजारी ठेवा. अमेरिका खंडांच्या जागा ३ + १ + १ म्हणजे ५ वरून ३ वर आल्या. पीसीएस आणि व्हीसीएसच्या मिळून ४ होत्या, त्या ३ झाल्या. कोरिया, चीन, युरोप जागच्या जागी. ‘ब्राझीलची जागा काढून घेतली’ ही तक्रार इथे नीट मांडता येते: हक्काची एक जागा गेली आणि तिच्याऐवजी सामाईक तीन जागांसाठी झगडायची संधी आली. त्या तीनपैकी एक ब्राझीलच्याच व्हिवो कीड स्टार्सने मिळवली, म्हणून ‘ब्राझीलला बाहेर काढलं’ हे वाक्य चुकीचं ठरतं. ‘ब्राझीलची हमी काढून घेतली’ हे मात्र अचूक आहे. तक्रारीचं वजन अशाच शब्दांवर ठरतं.

बेरीज करताना आणखी एक खाच लक्षात ठेवा. वरच्या ४-४ जागांमधल्या सगळ्या कायमच्या नाहीत. २०२५ मध्ये मूळ जागा प्रत्येकी तीन होत्या. वर्षाच्या मध्यातल्या एमएसआय स्पर्धेत जेन.जी जिंकली म्हणून कोरियाला एक जास्तीची जागा मिळाली, आणि त्या स्पर्धेतली दुसरी सरस रीजन म्हणून चीनला एक. मग या दोन ‘चौथ्यां’मध्ये, म्हणजे टी१ आणि इन्व्हिक्टस गेमिंगमध्ये, सर्वोत्तम पाचची एक लढत झाली आणि जिंकणारा मुख्य फेरीत गेला. एखाद्या रीजनला जागा जास्त दिसली की आधी विचारा: ही मूळची आहे, की त्या वर्षी कमावलेली? कमावलेल्या जागेवर ‘पक्षपात’ म्हणून टीका केली तर ती टिकत नाही.

मोजपट्टी कोणती वापरायची

‘आमचा चौथा त्यांच्या तिसऱ्यापेक्षा भारी’ हे सिद्ध करायचं असेल तर चौथ्याची तुलना तिसऱ्याशीच करा. दोन्ही रीजनच्या पहिल्या संघांमधल्या लढती मोजून चौथ्या जागेबद्दल काही कळत नाही. चाहते सर्रास हीच चूक करतात.

पद्धत अशी. मागची दोन वर्षं घ्या. त्यापेक्षा मागे गेलात तर रोस्टर बदललेले असतात. फक्त आंतरप्रादेशिक लढती घ्या. नकाशे (मालिकेतले एकेक डाव) किंवा सुटे गेम मोजू नका, मालिका मोजा. एका गेमची लढत वेगळ्या रकान्यात टाका. लीगच्या विश्वस्पर्धेत स्विस फेरीतल्या (सारखे विजय-पराजय असलेले संघ आपसात खेळतात त्या फेरीतल्या) सुरुवातीच्या लढती एका गेमच्या असतात आणि पात्रतेच्या किंवा बाद होण्याच्या लढती तीनच्या, त्यामुळे दोन्ही एकत्र केल्या की चित्र बिघडतं. प्रत्येक मालिकेपुढे दोन्ही संघांचा आपापल्या रीजनमधला क्रमांक लिहा.

मग एकूण मालिका किती झाल्या ते पाहा. पाचपेक्षा कमी असतील तर निष्कर्ष काढू नका, आणि पाच असतील तरी जपून. दोन बाजू अगदी तोडीस तोड असल्या तरी पाचपैकी चार किंवा पाचही मालिका एकाच बाजूला जाण्याची शक्यता साडेसदतीस टक्के असते. नाणं पाच वेळा उडवून पाहा, लगेच पटेल.

आता चौथ्या जागेचा प्रत्यक्ष इतिहास बघू. २०२० मध्ये युरोपला चौथी जागा मिळाली होती. मॅड लायन्स त्या जागेवरून गेले आणि प्ले-इनमध्येच (मुख्य फेरीआधीच्या फेरीत) तुर्कस्तानच्या सुपरमॅसिव्हकडून हरून परतले. ‘चौथी जागा म्हणजे वाया’ असं तेव्हा कित्येकांनी ठरवून टाकलं. पण २०२२ मध्ये कोरियाचा चौथा संघ डीआरएक्स प्ले-इनपासून सुरुवात करून सॅन फ्रान्सिस्कोत टी१ ला ३-२ ने हरवून विश्वविजेता झाला. २०२४ मध्ये टी१ स्वतः कोरियाचा चौथा संघ होता आणि लंडनमध्ये जिंकला. २०२५ मध्ये पुन्हा चौथा; इन्व्हिक्टसला हरवून आत आला आणि चेंगडूत केटी रोलस्टरला ३-२ ने नमवून सलग तिसऱ्यांदा चषक घेऊन गेला.

चार वर्षांत तीन विश्वविजेते कोरियाच्या चौथ्या जागेवरून आले. यातून कोरियाची चौथी जागा रास्त आहे, एवढंच सिद्ध होतं. ‘मोठ्या रीजनना चार जागा द्याच’ हे सिद्ध होत नाही, कारण युरोपच्या चौथ्याचा अनुभव उलटा आहे. शक्य असेल तिथे टी१ आणि इन्व्हिक्टससारखी सरळ लढत लावावी, ही मागणी आम्हाला सगळ्यात न्याय्य वाटते. २०२३ मध्येही युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या चौथ्या संघांत अशी लढत ठेवली होती. टीम बीडीएस जिंकली आणि वाद तिथेच मिटला.

दुबळ्या रीजनला जागा का देतात, हेही समजून घ्या

जागा वाटायच्या दोन रीती आहेत. एक, ताकदीप्रमाणे. दुसरी, प्रत्येक रीजनला किमान एक. डोटा २ मध्ये २०२१ पासून सहा रीजन होत्या: पश्चिम युरोप, पूर्व युरोप, चीन, आग्नेय आशिया, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका. बुखारेस्टला झालेल्या दहाव्या ‘द इंटरनॅशनल’मध्ये, म्हणजे डोटाच्या विश्वस्पर्धेत, १८ संघ होते. १२ हंगामाच्या गुणांवर आले, ६ क्वालिफायरमधून. प्रत्येक रीजनमधून एकच. पश्चिम युरोपच्या क्वालिफायरमध्ये ओजी, टुंड्रा आणि निग्मा एकाच जागेसाठी झगडले. त्याआधीच्या दोन स्पर्धा जिंकलेला ओजी पात्र ठरला, निग्मा हुकला. निग्माच्या चाहत्यांची जखम अजून भरलेली नाही, आणि ती जखम समजण्यासारखी आहे.

तरीही किमान जागेची बाजू कच्ची नाही. जागतिक स्पर्धेची वाट बंद झाली की त्या रीजनमधले प्रायोजक आटतात, खेळाडू दुसरीकडे जातात आणि लीगच मोडते. वाट उघडी राहिली तर काय होतं, तेही दिसलं आहे. काउंटर-स्ट्राइकच्या सर्वात मोठ्या स्पर्धांमध्ये, म्हणजे मेजरमध्ये, आशियाच्या जागांवर ‘रँकिंगमध्ये इतक्या खालचे संघ मेजरमध्ये कशाला’ अशी टीका वर्षानुवर्षं होत आली. त्याच वाटेने वर आलेला द मंगोल्झ हा मंगोलियाचा संघ जून २०२५ मध्ये ऑस्टिन मेजरच्या अंतिम सामन्यात व्हिटॅलिटीसमोर उभा होता.

तेव्हा तक्रार लिहिताना कोणती रीत मागताय ते सांगा. ताकदीची रीत मागायची आणि आपली रीजन दुबळी झाली की किमान जागेचा हक्क सांगायचा, हे लोकांच्या लगेच लक्षात येतं.

खेळाडू कुठला?

हा नियम आला कशातून, ते ठाऊक असलं की निम्मे गैरसमज जातात. २०१४ मध्ये एलएमक्यू हा चिनी खेळाडूंचा अख्खा संघ अमेरिकेत येऊन राहिला, तिथल्या एलसीएसमध्ये खेळला आणि उत्तर अमेरिकेचा तिसरा संघ म्हणून विश्वस्पर्धेत पोचला. त्याच वर्षी रायटने आंतरप्रादेशिक स्थलांतराचं धोरण जाहीर केलं: मैदानात उतरणाऱ्या पाचांपैकी किमान तिघे त्या रीजनचे रहिवासी हवेत. दोन परदेशी चालतात, तीन चालत नाहीत. त्यामुळे ‘दोन कोरियन, मग हा संघ अमेरिकेचा कसा’ याचं उत्तर सरळ आहे: नियमानेच.

खरी मेख ‘रहिवासी’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ खेळागणिक आणि वर्षागणिक बदलतो. कुठे पासपोर्ट पाहतात, कुठे त्या रीजनमध्ये किती काळ राहिला ते, तर कुठे तो तिथल्या लीगमध्ये घडला का ते. म्हणून नावावरून किंवा चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका. लीगपीडियावर खेळाडूच्या पानावर उजवीकडच्या चौकटीत ‘रेसिडेन्सी’ची ओळ असते, ती बघा, आणि मग रूलबुकमधली व्याख्या वाचा. जन्म कोरियाचा पण रहिवास उत्तर अमेरिकेचा, असे खेळाडू पुष्कळ आहेत.

रहिवासाचा नियम एका रात्रीत कसा पालटतो, याचं उदाहरण ओशियानियाचं. ऑक्टोबर २०२० मध्ये रायटने तिथली ओपीएल लीग बंद केली आणि ओशियानियाचे खेळाडू उत्तर अमेरिकेत परदेशी धरले जाणार नाहीत असं ठरवलं. अमेरिकेतले नवोदित खेळाडू आणि त्यांचे चाहते चिडले, कारण संघांना आता परदेशी जागा खर्च न करता तयार खेळाडू मिळणार होते. ओशियानियाचे चाहते वेगळ्या कारणाने हळहळले: खेळाडूंना दार उघडलं, पण लीगच राहिली नाही. एकच नियम, दोन्हीकडे राग, आणि दोन्ही राग आपापल्या जागी बरोबर. अशा वेळी ‘नियम चुकीचा’ एवढं लिहून भागत नाही; कोणाचं काय गेलं ते लिहावं लागतं.

जागा कोणाची?

रायटच्या भागीदारी लीगमध्ये जागा संस्थेची असते. पाचही खेळाडू बदलले तरी संघ लीगमध्ये राहतो. काउंटर-स्ट्राइकच्या मेजरमध्ये उलटं आहे: पाचातले तीन खेळाडू ज्यांच्याकडे, जागा त्यांच्याबरोबर जाते. जानेवारी २०१८ च्या बोस्टन मेजरमध्ये क्वांटम बेलेटर फायर उपांत्यपूर्व फेरीत गेला. पुढे ते खेळाडू विनस्ट्राइककडे गेले आणि सप्टेंबरच्या लंडन मेजरमध्ये विनस्ट्राइक नावाने, त्याच मानाच्या जागेवर उतरले. संस्थेचं नाव पाहून चालणाऱ्या चाहत्याला हे अजब वाटतं, पण नियमाला धरून होतं.

एका ओळीची कसोटी: उद्या पाचही खेळाडू एकत्र निघून गेले तर जागा कुठे जाईल? या प्रश्नाचं उत्तर रूलबुकमध्ये सापडेपर्यंत ‘जागा चोरली’ हा शब्द वापरू नका.

गुणांचं गणित: चोवीस शक्यता

समजा एका रीजनला तीन जागा आहेत. शेवटची स्पर्धा जिंकणारा थेट जातो, उरलेल्या दोन जागा वर्षभराच्या गुणांवर. शेवटच्या स्पर्धेपूर्वी गुण असे: अ ११, ब ९, क ८, ड ५. त्या स्पर्धेत पहिल्याला ६, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला २, चौथ्याला शून्य.

चार संघांचे क्रम चोवीसच होतात. वहीत आखून सगळे लिहा, अर्ध्या तासाचं काम आहे. त्यातून जे दिसतं ते नुसत्या गुणतक्त्यात दिसत नाही. समजा ड जिंकला, क दुसरा, ब तिसरा, अ चौथा. ड थेट गेला. गुण: क १२, अ ११, ब ११. म्हणजे वर्षभर आघाडीवर असलेला अ आता टायब्रेकरवर (बरोबरी फोडायच्या नियमावर) लटकला. आता समजा अ जिंकला. तो थेट गेला, म्हणजे गुणांवरच्या दोन जागा ब, क आणि ड यांच्यात राहिल्या. इथे क फक्त एकाच क्रमात बाहेर पडतो: ड दुसरा, ब तिसरा आणि क चौथा आला तर (ब ११, ड ९, क ८).

म्हणून क च्या चाहत्याला ड जिंकण्यापेक्षा अ जिंकलेला परवडतो. आघाडीचा संघ थेट गेला की त्याची गुणांवरची जागा खाली सरकते. ‘गुण जास्त असून बाहेर’ या तक्रारींमध्ये ही सरकणारी जागा नेहमीच सुटून जाते. टायब्रेकरचा क्रमही आधीच वाचा: आपसातल्या लढती, शेवटच्या स्पर्धेतला क्रमांक की नकाशांचा फरक. बरोबरी झाल्यावर वाचलेला टायब्रेकर कायम अन्याय्य वाटतो.

काउंटर-स्ट्राइकचं रँकिंग वाचताना

२०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइकची निर्माती कंपनी व्हॉल्व्हने जाहीर केलं की २०२५ पासून मोठ्या स्पर्धांची निमंत्रणं रँकिंगवर किंवा ओपन क्वालिफायरमधूनच जातील. ते रँकिंग आणि त्यामागचं गणित गिटहबवर (प्रोग्रामच्या फाइली ठेवायच्या साइटवर) सगळ्यांना उघडं आहे. जागतिक यादी आहे, शिवाय युरोप, अमेरिका आणि आशिया अशा तीन वेगळ्या याद्या. प्रत्येक संघाच्या तपशिलाची फाइलही असते. ती उघडा, नुसता क्रमांक पाहून थांबू नका.

मिळवलेलं बक्षीस, हरवलेल्या संघांनी मिळवलेलं बक्षीस, किती वेगवेगळ्या संघांना हरवलं आणि लॅनवरचे (ऑनलाइन नव्हे, एका ठिकाणी जमून खेळलेल्या सामन्यांतले) विजय, असे घटक त्यात येतात. निकाल सहा महिन्यांपर्यंतच धरले जातात आणि जुने होत जातील तसं त्यांचं वजन घटतं. ‘एकही सामना हरलो नाही, तरी चार क्रमांक खाली कसे?’ याचं कारण बहुधा हेच असतं: मोठा निकाल जुना झाला, किंवा खालच्यांनी नवे मिळवले. तपशिलाच्या फाइलमध्ये जुनी आणि नवी तारीख शेजारी ठेवली की पाच मिनिटांत उलगडतं.

या पद्धतीला एक खरं दुखणं आहे. यादी कोणत्या तारखेची धरणार हे आधी ठाऊक असल्याने त्या तारखेच्या तोंडावर संघ छोट्या लॅन स्पर्धांकडे धावतात. २०२५ च्या बुडापेस्ट मेजरआधी हे उघड दिसलं. त्यावर टीका करायची असेल तर संघांवर नको. नियमाने जे बक्षीस लावलंय त्यामागे ते धावणारच. लॅन विजयाचं वजन आणि छोट्या स्पर्धांची किमान अट, या दोन ठिकाणी बोट ठेवा.

तारखा आणि वेळा

रोस्टर बंद होण्याची वेळ आयोजकाच्या घड्याळाने असते. भारतीय वेळेशी फरक असा: सोल साडेतीन तास पुढे, शांघाय अडीच तास पुढे. पश्चिम युरोपचं बर्लिन-पॅरिस उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे ‘शुक्रवार रात्री ११:५९ पॅसिफिक’ ही मुदत उन्हाळ्यात आपल्याकडे शनिवारी दुपारी १२:२९ ला संपते. युरोपची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यात हमखास गोंधळ होतो, आणि विश्वस्पर्धा नेमकी त्याच सुमारास असते.

मुदतीनंतर खेळाडू बदलला की काय जातं, तेही पाहा. २०१८ मध्ये ओजीचा संघ हंगामाच्या शेवटाकडे फुटला. नव्या रोस्टरमुळे थेट निमंत्रणाची वाट बंद झाली आणि त्यांना ओपन क्वालिफायरपासून सुरुवात करावी लागली. त्या वाटेने येऊन त्यांनी व्हँकुव्हरला आठवी ‘द इंटरनॅशनल’ जिंकली. ‘ओपन क्वालिफायर काढून टाका, वेळ वाया जातो’ असं कोणी म्हणालं तर हे उदाहरण पुढे ठेवा.

नियमाबाहेरचे अडथळे

संघ हुकला तो नियमामुळे की प्रवास, व्हिसा, सरकारी निर्णयामुळे, हे वेगळं काढा. व्हिएतनामचे संघ २०२० आणि २०२१ या दोन्ही विश्वस्पर्धांना प्रवासबंदीमुळे जाऊ शकले नाहीत. जागा कागदावर होती. आपल्याकडे बीजीएमआय हा मोबाइल गेम जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात भारतीय संघांची जागतिक स्पर्धेची वाट बंद होती. यावर ‘आयोजकांना भारत नकोय’ असं लिहिणं चूक. ‘हंगाम तुटला तर जागा पुढच्या वर्षासाठी राखीव राहील का, असं कलम रूलबुकमध्ये घाला’ ही मागणी मात्र पूर्णपणे रास्त आहे.

भारतीय चाहत्याची नेहमीची तक्रार

व्हॅलोरंटमध्ये २०२३ ला पॅसिफिक लीग सुरू झाली तेव्हा दहा भागीदार संघांत मुंबईची ग्लोबल ईस्पोर्ट्स होती. ‘भारताची जागा आणि संघात भारतीय इतके कमी?’ हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक हंगामात येतो. वरच्या पाच प्रश्नांतून तो तपासा. ही जागा देशाची नाही. अर्ज मागवून, संस्था निवडून दिलेली भागीदारीची जागा आहे. म्हणून ‘नियम मोडला’ ही तक्रार उभी राहत नाही.

भारतीय खेळाडूंसाठीची वाट वेगळी ठेवली होती: दक्षिण आशियाची चॅलेंजर्स ही खालची लीग, तिथून पॅसिफिक असेन्शन ही वर चढायची स्पर्धा, आणि तिथे यश मिळालं तर मुख्य लीग. तक्रार या वाटेबद्दल करा, कारण इथे मागण्यासारखं खूप आहे. दक्षिण आशियाला वर चढायच्या जागा किती? लीगचे सामने वर्षात किती आठवडे होतात? आग्नेय आशियातल्या संघांशी नियमित सराव सामने होतात का? मुंबई ते सिंगापूर पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायचा वेळ) साधारण ६० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. घरच्या सर्व्हरवर सरावलेल्या संघाला तो जाणवतो. वर्षातून एकदाच बाहेरच्यांशी गाठ पडणारा संघ पहिल्याच फेरीत बावचळतो. त्यासाठी आणखी स्पर्धा मागायला हव्यात.

तक्रार लिहायची कशी

चार वाक्यं पुरतात. कोणत्या हंगामाच्या रूलबुकमधलं कोणतं कलम. त्याचा परिणाम कोणावर, आकड्यासह. त्याऐवजी काय हवं. कधीपासून हवं.

शेवटचं वाक्य बहुतेक जण गाळतात. चालू हंगामात नियम बदला असं मागू नका. ज्यांनी जुन्या नियमावर वर्ष आखलं त्यांच्यावर तो नवा अन्याय होतो आणि आयोजक त्याच कारणाने नकार देतो. पुढच्या हंगामापासून मागा, आणि रूलबुक जाहीर होण्याच्या दोन-तीन महिने आधी मागा. हंगाम संपल्यावर येणारी सर्वेक्षणं भरा. अधिकृत खात्याला लिहा, त्या खेळाचं वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांना कलमाचा क्रमांक द्या, पत्रकार परिषदेत तो प्रश्न त्यांच्याकडून विचारला जातो.

खेळाडूला टॅग करू नका. परदेशी खेळाडूच्या देशावरून, भाषेवरून एक शब्दही नको. त्याने नियमात बसून नोकरी स्वीकारली आहे. शिवाय असे दहा संदेश आले की बाकीचे हजार मुद्देसूद संदेशही ‘छळ’ या खात्यात जमा होतात, आणि आयोजक चर्चाच बंद करतो.

नीट धरून ठेवलेली मागणी पोचते. एलटीएच्या बाबतीत ब्राझील आणि उत्तर अमेरिका या दोन्हीकडच्या चाहत्यांचा सूर एक होता: आमच्या लीगची नावं, आमची ओळख परत द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये रायटने एलटीए मोडून २०२६ पासून एलसीएस आणि सीबीलोल पुन्हा वेगळ्या करत असल्याचं जाहीर केलं. लॅटिन अमेरिकेची एलएलए मात्र परत आली नाही. तिथल्या चाहत्यांना आता जागांची नवी बेरीज मांडून, आपल्या संघांना या दोन लीगमध्ये नेमकी कोणती वाट उरली आहे, तिथून सुरुवात करावी लागेल.